पाण्यात हलका होणारा गुडघ्यांचा भार

विहिरीतून पोहरा शेंदताना एक गोष्ट आपण अनुभवली असेल. पोहरा पाण्यात असेतोवर दोर सहज ओढला जातो; पाण्याबाहेर येताच तोच पोहरा हाताला जड लागतो. वजन तेवढेच असते, पाण्याने खालून दिलेला आधार मात्र सुटलेला असतो. या आधाराला प्लावक बल म्हणतात. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके ते असते, हा नियम इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडला.

झिजलेल्या गुडघ्यांना या नियमाचा मोठा उपयोग आहे. गुडघे दुखतात म्हणून माणूस चालणे सोडतो. न चालल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे दुखणे वाढते. हे दुष्टचक्र पाण्यात तोडता येते. ७० किलो वजनाची व्यक्ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, की तिच्या पायांवर साधारण निम्मा, म्हणजे ३५ किलोंच्या आसपास भार उरतो. छातीइतक्या पाण्यात तो सुमारे एक तृतीयांश होतो. शिवाय प्रत्येक पावलाला पाण्याचा विरोध होत असल्याने स्नायूंना व्यायामही घडतो.

यासाठी पोहता आलेच पाहिजे असे नाही. तलावाच्या उथळ भागात कठड्याला धरून पुढे, मागे आणि आडवे चालावे. आरंभी दहा मिनिटे पुरेशी आहेत.

काही पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. खोल पाण्यात उभे राहिल्यावर पायांतील रक्त पाण्याच्या दाबाने छातीकडे लोटले जाते. म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. फिट येणाऱ्यांनी व उघडी जखम असणाऱ्यांनीही त्यांच्या सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नये. सोबतीला कोणीतरी असावेच. बाहेर येताना शरीराचा सारा भार पायांवर परततो, तेव्हा शिडी सावकाश चढावी.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हाडे बळकट राहण्यासाठी त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि पाण्यात तोच कमी होतो. म्हणून स्नायूंना बळ येऊन दुखणे उणावले, की जमिनीवरचे चालणे थोडे थोडे वाढवत न्यावे.