बेडसे, जेरुसलेम आणि वालाचं बिरडं

पवनानगरहून कामशेतच्या रस्त्याला लागलं की वाटेत बेडसे येतं. गावामागच्या डोंगरात चारेकशे पायऱ्या चढल्या की कातळात कोरलेले उंच खांब समोर येतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली माणसं. हे चैत्यगृह साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकातलं. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या मुलानं दान दिल्याचा लेख इथे आहे. त्याच काळात तिकडे जेरुसलेमला ज्यूंचं दुसरं मंदिर उभं होतं. हेरोद राजानं इ. स. पूर्व २०च्या सुमारास ते नव्यानं बांधायला घेतलं आणि इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी ते जाळून पाडलं. बेडसे राहिलं, ते मंदिर गेलं.

बेडशाच्या दर्शनी भिंतीपाशी मात्र थोडं थांबावं. तिथे कमानी आहेत, कठड्यांच्या पट्ट्या आहेत, जाळ्या आहेत, आणि हे सगळं लाकूडकाम आहे, फक्त दगडात केलेलं. कातळाला असल्या आधारांची काहीच गरज नसते. कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्यगृहं होती, त्यांनी ती जशीच्या तशी डोंगरात उतरवली. कार्ल्याला छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत, बेडशाला त्याही उरल्या नाहीत. मूळ लाकडी इमारती कधीच कुजून गेल्या. त्या कशा दिसत असतील ते आपल्याला अशा दगडी नकलांवरून कळतं.

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमच्या अंगणात उलटा प्रवास दिसतो. तिथे दुसऱ्या मंदिराच्या काळातलं अख्खं शहर पन्नासास एक या प्रमाणात मांडलंय, सुमारे दोन हजार चौरस मीटरवर. होलीलँड हॉटेलचे मालक हान्स क्रोख यांनी १९४८च्या युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या मुलाच्या, याकोवच्या, स्मरणार्थ ते करवून घेतलं. आराखडा पुरातत्त्वज्ञ मायकेल अवी-योना यांचा. मिश्ना हा धर्मग्रंथ, जोसेफस या इतिहासकाराची वर्णनं आणि उत्खननं यांच्या आधारे त्यांनी एकेक इमारत ठरवली. १९६६ साली ते खुलं झालं तेव्हा जुनं जेरुसलेम जॉर्डनच्या ताब्यात होतं, इस्रायली ज्यूंना तिथे पाऊल टाकता येत नव्हतं. हे कळलं की त्या प्रतिकृतीकडे बघायची नजरच बदलते. २००६ मध्ये तिचे सुमारे हजार तुकडे करून ती हॉटेलच्या आवारातून म्युझियममध्ये आणून पुन्हा जोडली. मूळ मंदिर शंभर हात उंच होतं असं ग्रंथ सांगतात. इथे ते जेमतेम मीटरभर, शाळकरी पोराच्या छातीला लागेल एवढं.

सणाच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन तिथे जाण्यालाही अर्थ आहे. पेसाह, शावुओत आणि सुक्कोत हे तिन्ही मुळात यात्रेचे सण. मंदिर होतं तेव्हा गावोगावचे लोक या दिवसांत जेरुसलेमला चालत जायचे. हनुक्का तर मंदिर शुद्ध करून पुन्हा दिवे लावल्याचाच सण. धर्मपंडितांनी मात्र नकलेला मर्यादा घातली. मंदिरासारखं हुबेहूब घर बांधू नये, तिथल्या सात फाट्यांच्या दीपस्तंभाची धातूत तंतोतंत प्रत करू नये, असं तालमूद हा धर्मग्रंथ सांगतो. हनुक्काच्या दिवटीला मात्र सात नव्हे, आठ दिवे आणि वर एक वेगळा असतो.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. बेने इस्रायल या इथल्या ज्यू समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. मंदिराचा नकाशा सोडाच, त्यांच्याजवळ तोरा या धर्मग्रंथाची पोथीही नव्हती. शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे नियम एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी जुन्या सणांची नावं नोंदवली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण आणि बिरड्याचा सण.

हा बिरड्याचा सण म्हणजे आव महिन्याची नवमी, जुलै-ऑगस्टमध्ये येणारी. दोन्ही मंदिरं याच तिथीला पडली असं ज्यू मानतात. पहिलं बाबिलोनच्या लोकांनी इ. स. पूर्व ५८६ मध्ये पाडलं होतं. त्या दुःखाच्या दिवसांत कोकणातल्या ज्यू घरांत मांस वर्ज्य असे आणि वालाचं बिरडं रांधलं जाई. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा अंगठ्यानं दाबत सालं काढायची. हे काम चारचौघींनी बसून करायचं. जगभरच्या ज्यूंमध्ये शोकाच्या जेवणाला कडधान्यं चालतात, इथे त्यांना कोकणचा वाल मिळाला. माझ्या मते म्युझियममधल्या प्रतिकृतीपेक्षा ही आठवण जास्त चिवट आहे, कारण ती दरवर्षी नव्यानं करावी लागते.

देवळं पुढे आली. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी शार हारहमीम हे पहिलं सिनेगॉग बांधलं. पुण्यात बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांचं लाल देऊळ १८६७ मध्ये पूर्ण झालं, ससून स्वतः १८६४ मध्येच वारले, त्यांची कबर आवारातच आहे. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो १९२१चं, बेने इस्रायलींचं. यांतलं एकही जेरुसलेमच्या मंदिराची नक्कल नाही. लाल देवळाला तर इंग्रजी गॉथिक धाटणीचा घड्याळाचा मनोरा आहे. पण तोराची गुंडाळी ठेवायचं कपाट इथे पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला.

१९४८ नंतर बेने इस्रायलींतले बहुतेक जण इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, रामला इथल्या घरांत अजून मराठी बोलली जाते. तिथून माणसं सुटीत माघारी येतात, नवगावला जातात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या टाप्यावर मलिद्याचा विधी करतात. हे खंडाळं घाटावरचं नव्हे, पण परतताना घाट चढून मावळात यायला फारसा वेळ लागत नाही. पवनेच्या काठी तंबूत राहायला येणाऱ्यांनी, ज्यू असोत वा नसोत, एक सकाळ बेडशासाठी ठेवावी. चैत्याचं तोंड पूर्वेला आहे, तेव्हा ऊन आत येतं तोवर पोचावं.