'ळ' या अक्षराची कथा

मराठीच्या मुळाक्षरांत 'ह' संपला की, पंगत उठण्याच्या वेळी आलेल्या पाहुण्याप्रमाणे 'ळ' येऊन बसतो. त्याच्यामागून 'क्ष' आणि 'ज्ञ' येतात खरे. परंतु ती जोडाक्षरे होत. स्वतंत्र व्यंजनांत शेवटचे स्थान 'ळ'चेच. त्याचे रूपही मोठे गमतीचे आहे. शिरोरेघेखाली लहानसा देठ आणि त्याला लगडलेली दोन वाटोळी फळे, असे ते दिसते. उभा दंड नसल्यामुळे हे अक्षर अर्धे करता येत नाही. म्हणून 'डोळ्यांत' किंवा 'पावसाळ्यात' असे लिहिताना 'ळ' पुरा राहतो आणि 'य'लाच अंग आखडून त्याला बिलगावे लागते.

'ल' उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. 'ळ'साठी तेच टोक मागे वळून, जेथून 'ट' व 'ड' उमटतात त्या मूर्धेला लागते आणि श्वास जिभेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. या ध्वनीने मराठीतील शब्द सुरू होत नाही. गाण्यांच्या भेंड्या लावताना 'ळ' वाट्याला आला की 'ल'वर भागवावे लागते, ते यामुळेच.

'ळ' अभिजात संस्कृतात नाही. पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी ज्या १४ सूत्रांत वर्ण सांगितले आहेत, त्यांतही तो सापडत नाही. एवढ्यावरून त्याला उपरा ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेतील दुसरा शब्द 'ईळे' हा आहे. दोन स्वरांमध्ये आलेल्या 'ड'चा 'ळ' होतो, असा नियम ऋक्प्रातिशाख्यात नोंदलेला आहे. पुढे पाली भाषेतही हा वर्ण आढळतो.

मराठीतील बहुतेक 'ळ' मात्र 'ड'पासून नव्हे, तर 'ल'पासून आले. संस्कृतातील फल, मूल, नील, गल यांची मराठीत फळ, मूळ, निळा, गळा अशी रूपे झाली. मग 'तेल' या शब्दात 'ळ' का नाही? याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. दोन स्वरांमध्ये 'ल' एकटा होता तेथे त्याचा 'ळ' झाला. प्राकृतात तो जोडीने आला होता तेथे मराठीत 'ल'च राहिला. तैल या शब्दाचे प्राकृतात 'तेल्ल' झाले होते, म्हणून मराठीत तेल. मूल्याचे 'मोल्ल', म्हणून मोल. 'काळ' हा संस्कृत 'काल'पासून आला, तर आदल्या दिवसाचा वाचक 'काल' हा 'कल्य', 'कल्ल' या वाटेने आला. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा एक 'ल' आणि दोन 'ल' यांतील भेद मराठी बोलणारे मूल आजही नकळत पाळते!

पुढे संस्कृत शब्द पुन्हा जसेच्या तसे घेतले गेले, तेव्हा काही जोड्या तयार झाल्या. मंगल प्रसंग निराळा आणि मंगळ ग्रह निराळा. लग्नासाठी पाहतात ते स्थळ. त्याला कोणी स्थल म्हणत नाही.

गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या भाषांतही 'ळ' आहे. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत नाही. त्यामुळे हिंदीत लोणावळ्याचे 'लोनावला' होते. रोमन लिपीत तर 'ल' आणि 'ळ' या दोहोंसाठी सामान्यतः एकच अक्षर वापरतात. तेथे 'वेल' आणि 'वेळ' यांतील फरक संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

खुद्द महाराष्ट्रातही हा ध्वनी सर्वत्र सारखा नाही. खानदेशात व वऱ्हाडात 'डोळा' हा 'डोया' होतो, तर आगरी बोलीत तो 'डोला' होतो. अशा उच्चाराला वर्गात हसण्याची काहींना खोड असते. पण ती जिभेची चूक नव्हे. मराठीने 'ल'चा 'ळ' केला, या बोलींनी त्याच ध्वनीला दुसरे वळण दिले. आणि तेही शब्दाशब्दांतून तितक्याच नेमाने. शाळेला 'शाया' म्हणणारे मूल मळ्याला 'मया' म्हणते आणि पाटीवर दोन्ही ठिकाणी 'ळ' काढते.