दोष आधी घरात पाहा

नांदेड-हिंगोली रस्त्यावरील वारंगा फाट्याच्या परिसरात हळदीचा व्यापार मोठा. व्यापाऱ्यांना वेबसाइट बनवून देण्याचा धंदा आपल्या तरुणांनी जरूर करावा. आरंभी भाड्याचा सर्व्हर लागत नाही. पीएचपीमध्ये २०१२ पासून सर्व्हर अंगचाच आहे. व्हीएस कोड या मोफत सॉफ्टवेअरचे टर्मिनल उघडून 'पीएचपी', मग वजाचे चिन्ह व त्याला लागून मोठा 'एस', शेवटी 'लोकलहोस्ट:८०००' हा आदेश द्यावा. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:८०००' टाकताच पान आपल्याच संगणकावर दिसते, तेही इंटरनेटविना. हा सर्व्हर फक्त चाचणीसाठी. ग्राहकांसाठी वेगळा घ्यावा लागतो. भाव वा वजन चुकले तर व्यापाऱ्याची पत जाते. दोष झाकून माल विकणे इस्लामला मान्य नाही. वेबसाइट हाही मालच आहे, असे आम्ही मानतो.