सही बदलते तेव्हा

करी रोडला हिवाळा म्हणावा असा कधी नव्हताच. पुलापलीकडे गिरण्या चालू होत्या तेव्हा साचेखात्यातून सुटलेली माणसं डिसेंबरातही घामेजून घरी येत. आता त्या जमिनींवर काचेचे टॉवर उभे आहेत आणि आत बारा महिने एसीची थंडी. आमच्या चाळीतल्या एका वहिनींचं दुखणं या थंडीनंच उघडकीला आणलं. ऑफिसात बसल्या जागी त्यांची बोटं पांढरीफटक पडत, मग निळी, मग लाल. पुढे हातांची कातडी इतकी ताठरली की अंगठी निघेना, तोंड पुरतं उघडेना. चाळीत कुजबुज सुरू झाली. पाण्याचा पेला वेगळा ठेवणारेही निघाले.

केईएमच्या ओपीडीत नाव कळलं : स्क्लेरोडर्मा. शब्द ग्रीक, अर्थ सरळ : कठीण कातडी. शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कोलॅजेन नावाचं प्रथिन नको तिथं साठत जातं. याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही, आणि तो कुणाचा कुणाला लागत नाही. बायकांत अधिक दिसतो. समूळ बरा करणारं औषध अजून नाही, पण सांभाळता येतो.

आणि हे सांभाळणं बरंचसं घरातच घडतं. फ्रीजमधलं दूध वहिनी हातमोजे घालून काढतात, भांडी कोमट पाण्यानं घासतात. छातीत जळजळ होते म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा सरकवल्या आहेत. भाऊंची सिगारेट कायमची बंद झाली (हे एक बरंच झालं). सगळ्यांत शहाणपणाची खरेदी मात्र रक्तदाबाच्या यंत्राची. या आजारात रक्तदाब अचानक चढला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पूर्वी त्यातच अनेक जण दगावत. 1980च्या सुमारास आलेल्या कॅप्टोप्रिल जातीच्या गोळ्यांनी चित्र पालटलं, पण वेळेवर कळलं तरच. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसानं हा धोका वाढतो; तेव्हा सांधे दुखतात म्हणून शेजाऱ्यानं सुचवलेल्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. फुफ्फुसांची तपासणीही धाप लागायची वाट न पाहता करावी.

चित्रकार पॉल क्ले यांना 1935पासून हाच आजार असावा, असं नंतरच्या डॉक्टरांचं अनुमान. 1939 या एका वर्षात त्यांनी बाराशेवर चित्रं काढली. 29 जून 1940 रोजी ते गेले. तीच तारीख आता जागतिक स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळतात. शेवटच्या चित्रांतल्या त्यांच्या जाड रेषांचं जगानं कौतुक केलं. वहिनींची सही जाड झाली, तर चेक परत आला!

उभी नोकरी बँकेत केल्यानं एवढं सांगू शकतो, की सही बदलली तर नवा नमुना देता येतो. आजारपणामुळे सही जमतच नसेल तर हाताचा अंगठा, तोही नसेल तर पायाचा अंगठा रिझर्व्ह बँकेला चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. म्हणजे निम्मा प्रश्न काउंटरच्या आतच सुटायला हवा. बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येईनासे झाले, तर पेन्शनरांना 2021पासून हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

वहिनींनी नवा नमुना दिला. पेनाला रबरी नळी गुंडाळून, आडनाव गाळून, तीनच अक्षरं.