बाहुला तोच, मग भीती कुठं गेली?

तात्या विंचूला न घाबरलेला माणूस आपल्या होस्टेलवर शोधून सापडायचा नाही. 1993 साली महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला आणि घरोघरच्या बाहुल्यांवर संकटच आलं. परभणीच्या उरुसातून हट्टानं आणलेला बाहुला रात्री तोंड भिंतीकडं करून ठेवणारी पोरं आपल्यातही निघतील. (आता कबूल कुणी करणार नाही, ते सोडा!)

पुढं बरोबर वीस वर्षांनी, 2013 मध्ये, 'झपाटलेला 2' आला. तोही थ्रीडी! मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून त्याचा केवढा गाजावाजा झाला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना तर कॉलर ताठ करायला एवढं कारण पुरेसं होतं. पण सिनेमा बघून बाहेर पडताना माझ्यासारख्या चाहत्याचा चेहरा व्हायवाहून परतल्यासारखा होता. बाहुला तोच, दिग्दर्शक तोच, तंत्र तर कितीतरी पुढचं. मग बिघडलं कुठं? इंजिनीअरिंगवाले आहोत तर जरा खोलून बघू.

आधी तंत्र बघू. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळं एकच वस्तू दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू ती किती लांब आहे हे ठरवतो. थ्रीडीत हीच युक्ती उलटी वापरतात. पडद्यावर दोन चित्रं टाकायची आणि पोलराइज्ड चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र द्यायचं. मेंदू फसतो आणि वस्तू अंगावर आल्यासारखी वाटते. पण याची किंमत मोजावी लागते. या सगळ्या भानगडीत निम्म्याहून जास्त उजेड वाया जातो, चित्र मळकट होतं. शिवाय अंगावर आलेली वस्तू माणसाला दचकवते, भीती दाखवत नाही. फटाका फुटल्यावर आपण दचकतोच की! भीती म्हणजे फटाका फुटायच्या आधीचा वेळ.

आता बाहुला. तात्या विंचूचा बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. अर्धवटरावाला बोलतं करणाऱ्या यशवंत पाध्यांचे हे चिरंजीव. त्यांची कला शब्दभ्रमाची, म्हणजे ओठ न हलवता बोलायचं आणि बोलतोय बाहुला असं भासवायचं. सोपं वाटतं? ओठ न हलवता 'परभणी' म्हणून बघा. प आणि भ दोन्ही अडतात, कारण त्यांना ओठ मिटावेच लागतात. शब्दभ्रमकार तिथं जवळचा दुसरा आवाज काढतो आणि आपण मात्र 'परभणी'च ऐकतो. कारण आपलं लक्ष बाहुल्याच्या तोंडाकडं असतं. आणि ते तिकडं का असतं? कलाकार स्वतः बाहुल्याकडं बघत असतो म्हणून! तो जिथं बघतो तिथं आपण बघतो.

माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. 'झपाटलेला'मध्ये हे काम केलं लक्ष्मीकांत बेर्डे यांनी. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, बाहुला पाध्यांचा, पण त्यात जीव ओतला तो लक्ष्याच्या घाबरलेल्या डोळ्यांनी. लक्ष्या जीव तोडून सांगतोय, बाहुला बोलतो म्हणून, आणि त्याच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. बाहुल्यापेक्षा ते जास्त भयंकर होतं. खरं सांगूनही खोटं ठरायचं दुखणं लहान पोरांना चांगलंच ठाऊक असतं. त्यामुळं आपण हसतही होतो आणि आतून हादरतही होतो.

दुसरी गोष्ट नियमाची. या कथेची मूळ कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी सिनेमासारखी. मंत्राच्या जोरावर गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला, ही अशक्य गोष्ट आपण एकदा मान्य केली. पण त्यानंतर पक्का नियम होता. ज्या माणसाला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला जाता येईल. म्हणून तात्या लक्ष्याचा पिच्छा सोडत नाही आणि म्हणून लक्ष्याला सुटका नाही. अद्भुत कथेत काहीही चालतं हा मोठा गैरसमज आहे. तिथं एक अशक्य गोष्ट चालते, बाकी सगळं गणितासारखं काटेकोर लागतं.

2004 च्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले. दुसऱ्या भागात तात्या लक्ष्याच्या मुलामागं लागतो. ही भूमिका आदिनाथ कोठारेनं केली. पण गुपित पहिल्यांदा कळलं होतं बापाला. पोराच्या मागं लागायचं म्हणजे नियम ताणणं आलं. नियम एकदा ताणला की प्रेक्षकाच्या मनात येतं, उद्या हा कुणाच्याही मागं लागेल. आणि जो कुणाच्याही मागं लागू शकतो त्याची विशेष भीती वाटत नाही. पहिल्या भागात तो एकाच्याच मागं होता, आणि तो एक जण आपल्याला घरातल्यासारखा होता.

यात कोठारेंच्या धाडसाला नावं ठेवायची नाहीत. 1990 च्या 'धडाकेबाज'मध्ये त्यांनीच मराठीत पहिल्यांदा सिनेमास्कोप आणला. नवं यंत्र हाती घ्यायला ते कधी कचरले नाहीत. मकरंद अनासपुरेंनीही दुसऱ्या भागात हशे वसूल केले. पण चष्मा घातल्यावर पडद्यातल्या वस्तू पुढं येतात, गेलेला माणूस येत नाही. माझी खरी निराशा थ्रीडीवर नव्हतीच. तीन तासांसाठी का होईना, लक्ष्या परत भेटेल अशी वेडी आशा धरून मी तिकीट काढलं होतं.

आपल्या प्रोजेक्टलाही हे लागू आहे. मोटर मोठी बसवायच्या आधी, मशीन नेमकं कशाच्या जोरावर चालत होतं ते बघावं. पटत नसेल तर येत्या रविवारी मेसचं जेवण झाल्यावर 1993 चा 'झपाटलेला' लावा. साध्या कॉम्प्युटरवर, चष्म्याशिवाय. फक्त बाहुल्याकडं बघू नका, लक्ष्याच्या तोंडाकडं बघा. भीती तिथं आहे.