पाळीचा मधला आठवडा

डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. संततिनियमनाची साधनं गांधीजींना मान्य नव्हती आणि त्या भेटीनंतरही झाली नाहीत. पण एका गोष्टीला त्यांनी थोडी वाट दिली: गर्भ राहण्याची शक्यता नसलेले दिवस पाहून संबंध ठेवणं, कारण त्यात निदान संयम तरी आहे. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि ते उघडपणे साधनांच्या बाजूचे होते. दोन टोकांच्या या भूमिका, पण वाद एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला: मूल हवं की नको. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला स्त्रीच्या आरोग्याची आणि सुखाची चाड होती, हे खरं. तरी स्त्रीबीज कधी बाहेर पडतं, ही माहिती आपल्याकडे आली ती कुटुंबनियोजनाच्या दारातून, आणि माझ्या मते तिथेच अडकून बसली. गोंदियासारख्या जिल्ह्यात तिची किंमत आजही मोजावी लागते आहे.

त्याआधीचा हिशेब वेगळा होता. मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा धरला. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत बीजाचा दिवस साधारण त्यातच येतो, म्हणजे अंदाज अगदी चुकीचा नव्हता. फक्त त्या रात्रींची सम-विषम गणती मुलगा की मुलगी ठरवण्यासाठी होत असे. खरा उलगडा १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी केला. बीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीशी नव्हे, पुढच्या पाळीशी बांधलेला असतो, साधारण दोन आठवडे आधी. म्हणजे तो उलटा मोजायचा, आणि पाळी आल्यावरच तो कधी होता हे नक्की कळायचं. स्वतंत्र भारताने हे ज्ञान लगेच वापरायला घेतलं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे प्रयोग झाले. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या, रोज एक मणी सरकवायचा. फार थोड्या जोडप्यांनी ही पद्धत टिकवली. प्रयोग फसला म्हणून विषयच बाजूला पडला.

पुढचा काळ नसबंदीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ निघाला. म्हणजे मुलांच्या संख्येचा प्रश्न राज्यापुरता मिटला, आणि तो मिटवण्यात बायकांच्या ‘ऑपरेशन’चा वाटा सर्वांत मोठा. पण ऑपरेशनमध्ये फक्त नळ्या बंद होतात. बीजांडकोश काम करतच असतो, दर महिन्याला बीज बाहेर पडतच असतं. मूल नको झालेल्या बाईच्या तब्येतीची ती खूण कुणाच्याच कामाची राहिली नाही. नंतर आल्या पॅडच्या योजना: केंद्राची २०११ची, राज्याची २०१८ची ‘अस्मिता’. त्या हव्याच होत्या. पण त्यांची नजर पाळीच्या चार-पाच दिवसांवर. उरलेल्या तीन आठवड्यांत शरीरात काय चालतं, याबद्दल गोंदियातल्या आमगाव-सालेकशाच्या मुलीला शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीपलीकडे फारसं काही मिळत नाही.

याचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो ‘अंगावरून पांढरं जाणं’ या तक्रारीत. पाळीच्या मधल्या काही दिवसांत बुळबुळीत, पारदर्शक, ताणला तर तार येणारा स्राव येतो. तो बीज तयार होत असल्याचा पुरावा आहे. हे ठाऊक नसलेली बाई त्याला अशक्तपणा समजते, कुणी आत झिजतंय म्हणतं, आणि औषधांचा फेरा सुरू होतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा पांढरं जाणं आणि अनियमित पाळी याच तक्रारींतून कित्येक जणी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचल्याचं दिसलं.

यावर डॉक्टर लगेच म्हणतील की असं सांगितलं तर खरा आजारही अंगावर काढला जाईल. शंका रास्त आहे. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोलीतच राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला निष्कर्ष होता की ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आहेत, तर आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पण फरक कळण्यासाठीच नोंद लागते. मध्यावर येऊन तीन-चार दिवसांत थांबणारा, वास-खाज नसलेला स्राव वेगळा. सतत जाणारा, दुर्गंधीचा, ओटीपोटात दुखवणारा वेगळा. दुसऱ्यासाठी तपासणीच हवी.

मुख्य मुद्दा संप्रेरकांचा आहे. बीज बाहेर पडलं तरच प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होतं. सकाळचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत का होईना वाढतं ते त्यामुळेच. महिनोन्‌महिने बीजच आलं नाही तर गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत जातं आणि मग रक्तस्राव अवेळी, अति होतो. बीज न येण्यामागे थायरॉईड असेल, पीसीओएस असेल, कुपोषण असेल. सिकलसेल आणि रक्तक्षय आधीच घरात असलेल्या पूर्व विदर्भात अति रक्तस्राव ही किरकोळ बाब नव्हे.

रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईने पहाटे थर्मामीटर लावावा, असं मी म्हणणार नाही. मोबाईल ॲपवरही माझा भरवसा कमी, कारण ते मागच्या तारखांच्या सरासरीवरून पुढचा अंदाज बांधतं, आणि बीजाचा दिवस पुढे-मागे होतोच. गर्भनिरोधासाठी तर या अंदाजावर विसंबूच नये. शिवाय फोन नवऱ्याच्या हातात असेल तर नोंदही त्याच्याच हातात. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब लिहिणाऱ्या घरात पाळीची तारीख आणि मधल्या ओलसर दिवसांची खूण मावते. मोठ्या बाईची पाळी २४ ते ३८ दिवसांनी आली तर ती नेहमीचीच. वयात आल्यानंतरची पहिली काही वर्षं याहून अनियमित असतात, त्याची धास्ती नको. तीन महिने पाळीच आली नाही, किंवा रक्तस्राव आठवड्याहून जास्त चालला, तर ते कॅलेंडर घेऊन आशाताईकडे जावं आणि तिने पुढे डॉक्टरकडे न्यावं. गोंदिया जिल्हा परिषदेने आशांच्या प्रशिक्षणात यासाठी एक दिवस घालावा. पॅडच्या एका खेपेपेक्षा त्याला खर्च कमी येईल.