मृग लागला म्हणजे पाऊस आला असं नव्हे! नक्षत्र, जंगलातल्या खुणा अन् मोबाईलचा अंदाज यांचा मेळ असा घाला

कुरखेडा : मृग लागला की तालुक्यात धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते. पहिली सर पडली की बियाणं बांधीत जातं. नंतर आठ-दहा दिवस आभाळ कोरडं गेलं तर पऱ्हे करपतात, दुसऱ्यांदा बियाणं घ्यावं लागतं अन् रोवणी लांबते. यात दोष नक्षत्राचा नाही, त्याचा अर्थ लावण्याचा आहे.

नक्षत्र काय सांगतं?

सूर्य एका नक्षत्रात साधारण 13-14 दिवस राहतो. म्हणून मृग दरवर्षी 7-8 जूनला, तर आर्द्रा 21-22 जूनला लागते. तिथी मागेपुढे होतात, अधिक मास येतो. पण पावसाळा सूर्याच्या चालीवर चालतो. त्यामुळेच जुन्या लोकांनी शेतीची कामं नक्षत्रांवर बसवली. मृग-आर्द्रात पऱ्हे, पुनर्वसू-पुष्यात रोवणी, भारी धानाला हस्ताचं पाणी. हे कामाचं वेळापत्रक आहे, पावसाची हमी नव्हे. 2023 मध्ये मान्सून केरळातच 8 जूनला पोहोचला. मृग संपत आला तरी विदर्भ कोरडाच होता.

वाहनाचं काय?

बेडूक, म्हैस, हत्ती वाहन असलं की भरपूर पाऊस, असं मानतात. पण वाहन पंचांगाच्या गणितावरून ठरतं. कुरखेड्याला अन् सोलापूरला वाहन एकच, पाऊस मात्र वेगळा. त्यावर बियाण्याचा निर्णय घेऊ नये.

जंगलातल्या खुणा

मुंग्या अंडी घेऊन वर चढतात, उकाडा वाढतो. हवेतला दमटपणा वाढल्याच्या या खुणा आहेत. त्या फार तर एक-दोन दिवसांचं सांगतात. कावळ्याचं घरटं, टिटवीची अंडी यांवरूनही पावसाचा अंदाज बांधतात. मारुती चितमपल्ली यांनी अशा खुणांवर लिहून ठेवलं आहे. हे ज्ञान जपावं, पण पूर्ण हंगामाचा भार त्यावर टाकू नये. कोणती बांधी आधी सुकते, कोणती बोडी कधी भरते, हे मात्र गावातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असतं. ते कोणत्याच ॲपमध्ये नाही.

शेतकऱ्यांनी काय करावं?

- 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल आल्याशिवाय पेरणीची घाई करू नये.
- ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी अन् शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज व पीक सल्ला येतो. तो पाहूनच पऱ्हे टाकावेत.
- सारे पऱ्हे एकाच दिवशी न टाकता आठवड्याच्या अंतराने दोनदा टाकावेत. एक खेप गेली तरी दुसरी हाती राहते.
- रोवणीच्या दिवसांत विजेचा धोका असतो. ‘दामिनी’ ॲपचा इशारा आला की बांधीतून बाहेर पडावं, झाडाखाली थांबू नये.
- कोणत्या नक्षत्रात किती पाऊस झाला, हे घरच्या वहीत लिहावं. पाच-दहा वर्षांत आपल्याच शिवाराचं पंचांग तयार होईल.

नक्षत्रावरून तयारी करा, पण बियाणं टाका ते जमिनीतली ओल अन् पाच दिवसांचा अंदाज पाहूनच.